विहिरीचा राखणदार व त्याचीं पिलें

पावसाळ्याच्या आरंभीं कोंकणांतील एखाद्या डबक्याजवळ जो विद्यार्थी घटकाभर बसला असेल, त्यास बेडकाचें बालपण निराळें सांगावयास नको. बुळबुळीत गोळ्यांत गुंफलेलीं अंडीं, त्यांतून निघणारे काळे, मोठ्या डोक्याचे व वळवळत्या शेंपटीचे बेडूकमासे, पुढें त्यांस फुटणारे मागचे पाय, मग पुढचे पाय, आणि अखेरीस शेंपूट आटून जाऊन कांठावर उडी घेणारा इवलासा बेडूक, हा सर्व प्रकार पाठ्यपुस्तकांतही चित्रांसह दिलेला असतो. परंतु याच बेडकाचे कांहीं भाऊबंद असे आहेत कीं, ते आपली शेंपटी जन्मभर टाकीत नाहींत. त्यांस न्यूट असें म्हणतात. मराठींत त्यांस स्वतंत्र नांव नाहीं, व त्याचें कारणही उघड आहे. महाराष्ट्रांत हा प्राणीच नाहीं. पाण्यांत व जमिनीवर अशा दोन्ही ठिकाणीं राहणाऱ्या उभयचर प्राण्यांचे शास्त्रज्ञ तीन गट मानतात: बिनशेंपटीचे बेडूक, बिनपायांचीं देवगांडुळें, आणि शेंपटीचे न्यूट व सॅलॅमँडर. पैकीं पहिले दोन गट सह्याद्रींत आढळतात. तिसरा पाहावयाचा तर हिमालयाची वाट धरावी लागते.

दार्जिलिंगच्या बाजूस व ईशान्येकडील डोंगरांत खडबडीत पाठीचा एक न्यूट राहतो. पावसाळ्यांत तो उथळ तळ्यांत उतरून अंडीं घालतो, व एरव्हीं दगडांखालीं किंवा पाल्यापाचोळ्यांत दडून असतो. नेपाळ व दार्जिलिंगकडील न्यूट ही एक स्वतंत्र जात आहे असें २०१५ सालीं ठरलें, व तिला हिमालयाचेंच नांव देण्यांत आलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या प्राण्यास अभय दिलेलें आहे; त्यास पकडणें, विकणें वा घरीं ठेवणें हा गुन्हा होय. म्हणून त्याचा विचार येथें करावयाचा नाहीं. ज्या देशांत न्यूट पाळण्याची व घरच्या घरीं त्याचीं पिलें वाढविण्याची चाल चांगली रुळलेली आहे, त्या जपानांतील एका न्यूटाची हकीकत आम्ही सांगणार आहों. टोकियो शहराच्या एदोगावा भागांत आज पुष्कळ भारतीय कुटुंबें राहतात. तेव्हां आमच्या एखाद्या वाचकाच्या मावशीच्या अगर काकांच्या घरीं हा पाहुणा काचेच्या पेटींत बसलेला असणें अगदींच अशक्य नाहीं.

जपानी लोक भिंतीवरच्या पालीस ‘यामोरी’ म्हणतात. म्हणजे घराचा राखणदार. न्यूटास ते ‘इमोरी’ म्हणतात. म्हणजे विहिरीचा राखणदार. दोघांच्या आकृतींतील साम्य पाहतां हीं जोडनांवें मोठीं सुरेख वाटतात. वस्तुतः पाल ही सरपटणाऱ्या वर्गांतील, अंगावर खवले असलेली. इमोरी हा बेडकाचा सोयरा, ओलसर व खवलेरहित कातडीचा. त्याची पाठ काळपट तपकिरी असते, पोट मात्र लालभडक व त्यावर काळे डाग. लांबी सुमारें चार-पांच इंच. मादी नरापेक्षां कांहींशी मोठी. होन्शू, शिकोकू व क्यूशू या बेटांवर तो राहतो, आणि त्याचें आवडतें ठिकाण म्हणजे आपल्या कोंकणांतल्यासारखींच पाण्यानें भरलेलीं भातखाचरें व त्यांच्या कडेचे पाट.

शत्रूनें गांठलें असतां इमोरी अंगाची कमान करून आपलें लाल पोट दाखवितो. ही नुसती बतावणी नव्हे. त्याच्या कातडींत टेट्रोडोटॉक्सिन नांवाचें विष असतें. जपानांत प्रसिद्ध असलेल्या फुगू माशांतील प्राणघातक विष तें हेंच. हात लावल्यानें कोणास बाधा होत नाहीं, परंतु पेटींत हात घातल्यावर साबणानें धुतल्यावांचून तो डोळ्यांस वा तोंडास लावतां कामा नये. ज्या घरांत सर्व वस्तु तोंडांत घालून पाहणारें रांगतें मूल आहे, त्या घरीं पेटी उंचावर ठेवावी हें बरें.

आतां पेटीविषयीं. दोन फूट लांबीची काचेची पेटी दोन-तीन मोठ्या न्यूटांस पुरते. पाणी वीतभर असावें, त्यांत पाणवनस्पतींची दाटी असावी, आणि वर येऊन बसण्यास एखादा दगड वा सालीचा तुकडा असावा. नळाच्या पाण्यांत जंतु मारण्याकरितां क्लोरीन मिसळलेला असतो. तो या नाजूक कातडीच्या प्राण्यास सोसत नाहीं. पाणी उघड्या भांड्यांत एक-दोन दिवस ठेवल्यास क्लोरीन उडून जातो. परंतु कित्येक शहरांत क्लोरामीन वापरतात, व तो असा उडत नाहीं. तेथें त्याचें निवारण करणारें औषध घालावेंच लागतें. झांकण घट्ट पाहिजे. इमोरीचें ओलें पोट काचेस चिकटतें व तो उभ्या भिंतीवरून सहज वर चढतो. झांकणास फट राहिली तर दुसऱ्या दिवशीं तो कपाटाखालीं वाळून पडलेला सांपडावयाचा. पाण्याची उष्णता १५ ते २२ अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान असावी. पंचविसाच्या पुढें तो बेचैन होतो व खाणें टाकतो. मुंबईस अथवा नागपुरास वैशाखांत साधें पाणी किती तापतें याचा विचार केला म्हणजे, हा प्राणी आपल्या घरीं आणण्याचा हट्ट मुलांनीं वडिलांजवळ कां धरूं नये, हें वेगळें सांगणें नको.

पिलें हवीं असल्यास न्यूटास हिंवाळा दिला पाहिजे. ऊबदार खोलींत बाराही महिने ठेवलेलीं जोडपीं खातात-पितात, धष्टपुष्ट होतात, पण बहुधा अंडीं घालीत नाहींत. त्यांच्या शरीराचें घड्याळ थंडीनें व दिवसाच्या लांबीनें चालतें. जपानांत यासाठीं फारशी खटपट लागत नाहीं. पेटी न तापविलेल्या पडवींत ठेवली म्हणजे दोन महिने पाणी ५ ते १० अंशांवर राहतें; न्यूट सुस्तावतात, खाणें फार कमी करतात. पुढें वसंतांत पाणी हळूहळू तापूं लागलें व दिवस मोठे होऊं लागले कीं, नरांच्या शेंपटीवर निळसर जांभळी झांक चढते.

मग जो प्रकार दिसतो तो पाहण्यासारखा असतो. नर मादीच्या पुढें येऊन तिची वाट अडवितो, शेंपटी दुमडून बाजूस घेतो, व तिचें टोंक तिच्या नाकासमोर भराभर हालवितो. तो पाण्यांतून तिच्याकडे एक गंध लोटीत असतो. हें गंधद्रव्य जपानी शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. उभयचर प्राण्यांत असें द्रव्य प्रथमच ओळखलें गेलें. त्यास त्यांनीं ‘सोडेफ्रिन’ असें नांव दिलें. जुन्या जपानी काव्यांत प्रिय माणसास दुरून बाही हालवून खूण करण्यास जो शब्द आहे, त्यावरून हें नांव घेतलेलें आहे. रसायनशास्त्राच्या कोशांत इतकें रसिक नांव आम्हांस तरी दुसरें आढळलें नाहीं. मादी राजी असली म्हणजे ती नराच्या शेंपटीस नाक लावून त्याच्या मागून चालते. नर शुक्रबीजांची एक लहानशी पुडी तळाशीं ठेवतो, आणि मादी त्यावरून जातां जातां ती आपल्या शरीरांत ओढून घेते. हें बीज ती महिनोन् महिने जपून ठेवूं शकते. एकट्याच पाळलेल्या मादीनें वसंतांत फळलेलीं अंडीं घातलीं तर त्यांत आश्चर्य नाहीं. तिची गांठ आदल्या शरदांतच कोणाशीं तरी पडलेली असते.

बेडकी आपलीं शेंकडों अंडीं एकदम पाण्यांत सोडते व निघून जाते. न्यूटाची मादी तसें करीत नाहीं. ती पाणवनस्पतीचें एक पान निवडते, मागच्या दोन पायांनीं त्याची घडी घालते, त्या घडींत एकच अंडें ठेवते, आणि अंड्याचा चिकट लेप पानास धरीपर्यंत तें दाबून ठेवते. मग दुसरें पान. असें दिवसाला थोडथोडें करीत हें काम वसंतापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत चालतें, व एकंदर अंडीं शंभरावर जातात. पान मिळालें नाहीं तर ती प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांचीही घडी घालते. कित्येक पाळणारे मुद्दाम तशा पट्ट्या पेटींत सोडतात, कारण त्या उचलून घेण्यास सोप्या पडतात. इतक्या निगुतीनें गुंडाळलेलें अंडें शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या न्यूटाच्या दृष्टीस पडलें तर मात्र तो तें खाऊन टाकतो. स्वतःची आईही यास अपवाद नाहीं. जिनें पानाची घडी घातली तीच दुसऱ्या दिवशीं ती उकलून अंडें गिळील. म्हणून अंडें दिसतांच तें पानासकट कापून निराळ्या उथळ भांड्यांत ठेवणें, हें पाळणाऱ्याचें पहिलें काम होय.

अंडें दोन-तीन मिलिमीटरचें, आवरण कांचेसारखें पारदर्शक. साधें भिंग घेऊन रोज पाहिलें तर एक तपकिरी ठिपका लांबट होत जातो, त्यास डोकें व शेंपूट येतें, आणि कांहीं दिवसांनीं तो आंतल्या आंत वळूं लागतो. गर्भाची वाढ इतक्या उघडपणें दिसत असल्यामुळेंच न्यूटाच्या अंड्यानें विज्ञानाच्या इतिहासांत मोठें स्थान मिळविलें आहे. हान्स श्पेमान या जर्मन शास्त्रज्ञानें तान्ह्या मुलाच्या केंसाचा फांस करून न्यूटाचें अंडें मधोमध आंवळलें, व एकाच अंड्यापासून दोन पूर्ण पिलें होऊं शकतात असें दाखविलें. पुढें १९२४ सालीं त्यानें व हिल्डे मॅन्गोल्ड या त्याच्या विद्यार्थिनीनें एका न्यूटाच्या गर्भाचा कणभर तुकडा दुसऱ्याच्या गर्भांत बसवून, तेथें दुसरा संबंध देह घडूं लागतो हें सिद्ध केलें. श्पेमानला १९३५ चें नोबेल पारितोषिक मिळालें; मॅन्गोल्डबाई मात्र १९२४ मध्येंच एका अपघातांत वारल्या होत्या. इमोरीचा बहुमान तर याहूनही उंच गेला आहे. १९९४ च्या जुलै महिन्यांत चियाकी मुकाई या पहिल्या जपानी महिला अंतराळयात्री कोलंबिया यानांतून गेल्या, त्या सफरींत इमोरीही होते, आणि त्यांनीं अवकाशांत अंडीं घातलीं.

घरच्या भांड्यांतील अंड्यांस याहून साधी व्यवस्था पुरते. पाणी स्वच्छ असावें, ऊन त्यावर थेट पडूं नये, आणि जें अंडें पांढुरकें होऊन त्यावर कापसासारखी बुरशी धरेल तें लगेच काढून टाकावें, नाहींतर बुरशी शेजाऱ्यास लागते. थोडीं अंडीं वायां जावयाचींच. युरोपांतील तुरेवाल्या न्यूटांत तर निम्मीं अंडीं नेमानें मरतात. त्यांच्या एका गुणसूत्राच्या जोडींतच असा दोष आहे कीं, अर्धे गर्भ वाढूं शकत नाहींत. तेथील पाळणाऱ्यांनीं कितीही काळजी घेतली तरी हा आंकडा बदलत नाहीं. इमोरींत तसा शाप नाहीं. वीस अंशांच्या सुमारास पाणी असलें तर दोन-तीन आठवड्यांत पिलें बाहेर येतात. पाणी थंड असलें तर अधिक दिवस लागतात.

आतां खरें अवघड प्रकरण सुरू होतें. अंडीं घेणें सोपें आहे. पिलें जगविणें सोपें नाहीं.

नुकतें निघालेलें पिलूं सुमारें एक सेंटिमीटर लांब असतें. या अवस्थेस शास्त्रांत डिंभ म्हणतात. त्याच्या मानेच्या दोहों बाजूंस पिसांसारखे कल्ले बाहेर आलेले असतात, व त्यांनीं तें पाण्यांतील प्राणवायु घेतें. डोळ्यांखालीं दोन बारीक काड्या असतात. पाय फुटण्यापूर्वीं त्यांच्या आधारानें तें तळाशीं तोल सांभाळतें, व पुढें त्या गळून जातात. पहिले कांहीं दिवस तें खात नाहीं, पोटांतील बलकावर जगतें. पालकांस वाटतें, पिलें शांत आहेत, पाणी स्वच्छ आहे, सर्व ठीक चाललें आहे. बलक संपतो आणि त्याच दिवसापासून त्यास भूक लागते. ती भूक कोणत्या प्रकारची आहे हें ज्यास आधीं ठाऊक नसतें, त्याच्या भांड्यांतील पिलें आठवड्याच्या आंत एकामागून एक मरतात.

बेडूकमासा शेवाळ खरवडून खातो. त्यास पालेभाजीचें उकडलेलें पान दिलें तरी चालतें. न्यूटाचें पिलूं जन्मतःच शिकारी असतें. तें हालणाऱ्या वस्तूवरच झडप घालतें. माशांकरितां बाजारांत मिळणारी पूड त्याच्या पुढ्यांत पडली तरी तें तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीं. ती पूड तळाशीं कुजते, पाणी नासतें, आणि पिलूं उपासानें मरावयाचें तें घाणीनें मरतें. म्हणून त्यास जिवंत अन्नच दिलें पाहिजे, आणि तें त्याच्या चिमुकल्या तोंडांत मावेल इतकें बारीक पाहिजे.

यासाठीं सर्वांत सोईचें अन्न म्हणजे आर्टेमिया नांवाचे खाऱ्या पाण्यांतील अगदीं लहान कोळंबीसारखे जीव. त्यांचीं अंडीं वाळलेल्या स्थितींत वर्षानुवर्षें टिकतात व तपकिरी भुकटीसारखीं डब्यांतून विकलीं जातात. अमेरिकेतील यूटा संस्थानांतील ग्रेट सॉल्ट लेक हें त्यांचें एक मोठें आगर आहे. एक लिटर पाण्यांत पंचवीस-तीस ग्रॅम मीठ विरघळवून, त्यांत चिमूटभर अंडीं टाकून, नळीनें हवा सोडीत पाणी अठ्ठावीस अंशांच्या सुमारास ठेवलें, तर २४ ते ३६ तासांत त्यांतून अर्धा मिलिमीटरचीं नारिंगी पिलें निघतात. हवा बंद करून भांड्याच्या एका बाजूस दिवा धरावा. तीं उजेडाकडे जमतात, रिकामीं टरफलें वर तरंगतात. मग नळीनें जमलेला थवा ओढून घ्यावा, तलम फडक्यांत गाळून साध्या पाण्यानें मीठ धुवावें, व थेंबनळीनें न्यूटाच्या पिलांपुढें सोडावा. गोड्या पाण्यांत आर्टेमिया कांहीं तासांतच मरते, व मेलेली आर्टेमिया पाणी नासवते. तेव्हां जेवण आटोपल्यावर उरलेलें उष्टें त्याच थेंबनळीनें काढून घेणें हें जेवण वाढण्याइतकेंच अगत्याचें आहे.

आज लावलेलें भांडें उद्यां उपयोगी पडतें, म्हणून रोज एक नवें भांडें लावावें लागतें. रविवार, परीक्षा, मामाच्या गांवचें लग्न, यांपैकीं कोणतेंही कारण या पिलांस कळत नाहीं. गोड्या पाण्यांतील डॅफ्निया नांवाचे जलपिसू मिळत असतील तर काम हलकें होतें. ते पिलांच्या भांड्यांत दिवसच्या दिवस जिवंत राहतात, व हवें तेव्हां पिलूं त्यांस टिपतें. पिलूं दोन-अडीच सेंटिमीटरचें झालें कीं बारीक चिरलेले पाणकिडे व लालसर अळ्या तें घेऊं लागतें, आणि तेथून पुढें पालकाचा जीव थोडा खालीं पडतो.

पाय फुटण्याचा क्रम भिंगांतून अवश्य पाहावा. बेडकांत मागचे पाय आधीं दिसतात; न्यूटांत पुढचे आधीं येतात व मागचे मागाहून. येथेंच दाटीचा धोका सुरू होतो. हालेल तें धरावें हा ज्याचा स्वभाव, त्यास शेजारच्या भावंडाचा हालणारा पंजा किंवा कल्ला आणि जलपिसू यांत भेद कळत नाहीं. एकाचा पाय तुटतो, दुसऱ्याची शेंपटी कुरतडली जाते. न्यूटांत तुटलेला अवयव पुन्हां उगवतो हें खरें. इटलींतील स्पालान्त्सानीनें ही गोष्ट १७६८ सालींच प्रसिद्ध केली होती. आणि इमोरीच्या डोळ्यांतील भिंग सोळा वर्षांत अठरा वेळां काढून पाहिलें तरी प्रत्येक वेळीं तें नव्यासारखें उगवलें, असें जपानी व अमेरिकन संशोधकांनीं २०११ सालीं दाखवून दिलें आहे. पण पुन्हां उगवतो म्हणून तुटूं द्यावा, हा न्याय कांहीं बरा नव्हे. भांडीं वाढवावीं, मोठीं पिलें व लहान पिलें वेगळीं करावीं, आणि सर्वांचीं पोटें भरलेलीं राहतील असें पाहावें.

म्हणून अंडीं शंभर मिळालीं तरी शंभर पिलें वाढविण्याची हांव धरूं नये. पहिल्या वर्षीं दहा-बारा पुरेत. जितक्यांस रोज जिवंत अन्न व स्वच्छ पाणी देतां येईल, तितकींच वेगळीं काढावीं. बाकीचीं अंडीं आईबापांच्या पेटींतच राहूं द्यावीं. तीं तेथें खाल्लीं जातात. हें वाचून कोवळ्या मनाच्या वाचकांस वाईट वाटेल, परंतु शंभर पिलें उपाशी मारण्यापेक्षां तें बरें. आणि खाचरांत तरी याहून निराळें काय घडतें? तेथें शेंकडा किती अंडीं मोठीं होत असतील याचा अंदाज, एवढ्या अंड्यांनंतरही खाचरें न्यूटांनीं भरून जात नाहींत, यावरूनच करावा.

जास्त झालेलीं पिलें जवळच्या ओढ्यांत सोडून द्यावीं, असें कोणाच्याही मनांत येईल. व दिसावयास तें पुण्यकर्मही वाटेल. तसें कदापि करूं नये. इमोरीचे निरनिराळ्या प्रांतांतील वंश लक्षावधि वर्षांपासून वेगळे वाढलेले आहेत. एका प्रांतांतील पिलूं दुसऱ्या प्रांतांत सोडलें तर ते वंश मिसळून जातात. याहून मोठें संकट रोगाचें आहे. नेदर्लंड्समधील जंगलांत पिवळ्या-काळ्या सॅलॅमँडरांची वस्ती थोड्या वर्षांत जवळजवळ नाहींशी झाली, तेव्हां शोध करतां २०१३ सालीं त्यांच्या कातडीस खाणारी एक नवी बुरशी सांपडली. ही बुरशी मूळ आशियांतील असून, पाळीव प्राण्यांच्या व्यापारांतून ती युरोपांत गेली असावी, असें संशोधकांचें मत आहे. आशियांतील कित्येक न्यूट ती अंगावर बाळगूनही जगतात. युरोपांतील सॅलॅमँडरांस ती सोसत नाहीं. अमेरिकेनें तर भीतीनें २०१६ सालीं २०१ जातींच्या न्यूट-सॅलॅमँडरांची आयात बंद केली. पेटींतील पाणीसुद्धां ओढ्यानाल्यांत ओतूं नये असें जाणते लोक सांगतात, तें याचसाठीं.

मग घरीं पिलें वाढविण्यांत कोणाचें हित आहे? आहे, आणि तें खाचरांतील न्यूटांचेंच आहे. जपानांत भातशेतीची रीत गेल्या कांहीं पिढ्यांत पालटली. मातीच्या पाटांच्या जागीं खोल, उभ्या भिंतींचे काँक्रीटचे पाट आले. खाचरें हिंवाळ्यांत कोरडीं केलीं जाऊं लागलीं. मातीच्या कांठावरून सहज चढणारा प्राणी काँक्रीटच्या पाटांत अडकून पडतो. कित्येक ठिकाणीं इमोरी विरळ झाले आहेत. त्यांत बाजारासाठीं जाळीं घेऊन खाचरांतून पकडून नेणाऱ्यांची भर. घरांत जन्मलेलें एक पिलूं शेजाऱ्याच्या पेटींत गेलें, तर खाचरांतील एक न्यूट खाचरांत राहतो. दान देतांना घेणाऱ्यास एवढें मात्र स्पष्ट सांगावें कीं, हा प्राणी वीस-पंचवीस वर्षें जगतो. आज पांचवी इयत्तेंत असलेला मुलगा स्वतः मुलांबाळांचा बाप होईल, तेव्हांही त्याचा इमोरी पेटींतून त्याच्याकडे पाहत असेल.

तीन-चार महिन्यांनीं पिलाचें रूप पालटूं लागतें. कल्ले आंखडतात, शेंपटीची पातळ झालर आटते, कातडी काळवंडून खडबडीत होते, व पिलूं कांहीं दिवस खात नाहीं. तें पृष्ठभागाशीं येऊन कांठ शोधूं लागतें. या आठवड्यांत अनेक पाळणाऱ्यांचे महिन्यांचे श्रम फुकट जातात. कारण ज्या पिलानें सारा जन्म पाण्यांत काढला, तें आतां पाण्यांत बुडून मरूं शकतें. कल्ले गेले, फुप्फुसें कामास लागलीं, आणि चढण्यास जागा नाहीं, अशी त्याची स्थिति होते. म्हणून कल्ले लहान होतांना दिसतांच पाणी बोटभर करावें, भांडें एका बाजूनें उचलून उतार द्यावा, व त्या उतारावर ओलें शेवाळ पसरावें.

वर आलेलें पिलूं मग पाण्याकडे पाठ फिरवतें, तें दोन-तीन वर्षें. या काळांत त्यास पाण्याची पेटी नको. ओलसर शेवाळ, सालीचे तुकडे व लपण्यास जागा असलेला, झांकणाचा डबा हवा. खाणें पुन्हां जिवंतच, पण आतां जमिनीवरचें: ओल्या पाचोळ्यांतील उड्या मारणारे बारीक कीटक, फळांवरील चिलटें, सुतासारखीं गांडुळें. जमिनीवरचीं हीं वर्षें पाळणाऱ्यास कंटाळवाणीं वाटतात, कारण पिलूं दिवसभर लपून असतें व पाहुण्यांस दाखविण्याजोगें कांहीं घडत नाहीं. आठवड्यांतून एकदां शेवाळ उचलून, पिलें मोजून, पोटें भरलेलीं आहेत कीं नाहींत एवढें पाहावें.

घरीं वाढलेल्या इमोरीचें पोट कधीं कधीं लालभडक न होतां फिकट पिवळें राहतें. ही जातीची खोड नव्हे, अन्नाची आहे. लाल रंग देणारें द्रव्य न्यूट स्वतः तयार करूं शकत नाहीं. तें त्यास खाण्यांतून, मुख्यत्वें बारीक कवचधारी जीवांतून, मिळतें. गाजरास व झेंडूस रंग देणाऱ्या द्रव्यांच्याच कुळांतलें तें आहे. खाचरांतील पिलांस तें आयतें मिळतें, घरच्या पिलांस पालकानें आठवणीनें द्यावें लागतें.

दुसरा किंवा तिसरा वसंत आला कीं एखादें पिलूं डब्यांतील पाण्याच्या वाटीजवळ वारंवार दिसूं लागतें. कातडी पुन्हां गुळगुळीत होत जाते, शेंपटी रुंद होते. त्यास एकदम खोल पाण्यांत टाकूं नये. उथळ पाण्याचें भांडें व त्यांत दगड अशी सोय करून तें आपण होऊन उतरेपर्यंत वाट पाहावी. कांहीं पिलें त्याच रात्रीं उतरतात, कांहीं महिनाभर कांठावर बसून राहतात.